करवंटीचं ग्राफीन आणि लिथियम बॅटरीचा अ‍ॅनोड

रत्नागिरीच्या एका एम.एस्सी. करणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "नारळाच्या करवंटीपासून ग्राफीनसारखा थरांचा पदार्थ करून तो लिथियम-आयन बॅटरीत अ‍ॅनोड म्हणून वापरायचा, असा प्रकल्प मनात आहे. शोधनिबंधांत ग्रॅमला ७०० ते १००० मिलिअँप-तास असे आकडे दिसतात. ग्राफाइटचे फक्त ३७२. मग कंपन्या अजून ग्राफाइटलाच का चिकटून आहेत? मॉलिब्डेनम डायसल्फाइड, मॅक्सीन यांचं काय? आणि अशी बॅटरी आमच्याकडच्या फेरीबोटींना चालेल का?"

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. करवंटी जरूर घ्या. पण तिचं ग्राफीन करायला जाऊ नका, आणि लिथियमऐवजी सोडियमचा विचार करा. ग्राफीन (ग्राफाइटचा सुटा एकेरी थर) हा मुख्य अ‍ॅनोड (चार्ज होताना लिथियम साठवणारं ऋण टोक) म्हणून ग्राफाइटची जागा घेईल असं मला वाटत नाही. अ‍ॅनोडच्या पावडरी, त्यांची स्लरी आणि तांब्याच्या फॉइलवरचा लेप यांत बरीच वर्षं घालवल्यावर झालेलं हे मत आहे. पैसा कमी पडतो किंवा तंत्र अजून पिकलेलं नाही, हे त्यामागचं कारण नाही. थरांच्या पदार्थाची अ‍ॅनोड म्हणून जी किंमत आहे ती थर एकत्र असण्यात आहे. ते सुटे केले की नेमकी तीच जाते.

ग्राफाइटपासून सुरुवात करू. कार्बनच्या षटकोनी जाळीचे सपाट थर एकावर एक रचलेले असतात आणि दोन थरांमध्ये ०.३३५ नॅनोमीटर अंतर असतं. सेल चार्ज होताना लिथियम थरांच्या कडेने आत शिरतो आणि दोन थरांच्या मधे बसतो. सहा कार्बनमागे एक लिथियम बसला की जागा भरली, आणि त्याचाच हिशेब ग्रॅमला ३७२ मिलिअँप-तास येतो. थरांमधलं अंतर तेव्हा ०.३७ नॅनोमीटरपर्यंत वाढतं, म्हणजे सुमारे दहा टक्के. सिलिकॉन पूर्ण भरला तर तिपटी-चौपटीने फुगतो, ते पाहता ग्राफाइट जवळजवळ जागचा हलत नाही. सगळ्या जागा एकदम भरत नाहीत. आधी काही थर सोडून एक, मग एकाआड एक, मग सगळे, असा क्रम असतो आणि प्रत्येक टप्प्याला रंग बदलतो. करड्याचा निळसर, निळसरचा तांबूस, आणि पूर्ण भरल्यावर चक्क सोनेरी. चार्ज केलेला सेल ग्लव्ह बॉक्समध्ये (हवा आणि ओल न लागू देणाऱ्या बंद पेटीत) उघडून हा सोनेरी लेप एकदा तरी पाहा. पुस्तकातली आकृती त्यानंतर वेगळीच वाटते.

हे सगळं लिथियम धातूच्या तुलनेत ०.१ ते ०.२ व्होल्टवर घडतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहासातली एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ग्राफाइटमध्ये लिथियम विद्युतरासायनिक पद्धतीने आत-बाहेर करता येतो हे रशीद याझामी यांनी १९८०च्या सुमारास दाखवलं होतं. तरीही १९८५मध्ये अकिरा योशिनो यांनी जो सेल जुळवला त्यात पेट्रोलियम कोक होता, आणि १९९१मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीतही ग्राफाइट नव्हतं. असं का? तेव्हा सर्रास वापरलं जाणारं प्रॉपिलीन कार्बोनेट हे द्रावक लिथियमचा हात धरून थरांच्या मधे शिरायचं, आत विघटन पावायचं आणि थर सोलून काढायचं. ग्राफाइटचा भुगा व्हायचा. इथिलीन कार्बोनेट वापरलं तर पहिल्या चार्जला कडांवर एक घट्ट पातळ कवच तयार होतं. या कवचाला एसईआय म्हणतात. ते लिथियमला जाऊ देतं आणि द्रावकाला अडवतं. १९९०च्या आसपास, विशेषतः जेफ डान यांच्या गटाच्या कामातून, हे नीट कळलं आणि ग्राफाइटचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे सेलच्या आत थर सुटे होणं हा रोग होता. तो बरा करायला दहा वर्षं लागली. आज आपण तेच थर प्रयोगशाळेत मुद्दाम सुटे करतो आणि तो पदार्थ पुन्हा त्याच सेलमध्ये घालतो.

ग्राफीनच्या बाजूचा युक्तिवाद मात्र ऐकायला पटणारा आहे. २००४मध्ये मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एकच थर वेगळा केला, २०१०मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्यानंतर बॅटरीवाल्यांनी गणित मांडलं: थराच्या दोन्ही बाजूंना लिथियम बसला तर सहा कार्बनमागे दोन, म्हणजे ७४४. कडा, भोकं आणि दोष धरले तर त्याहून जास्त. प्रयोगात असे आकडे मिळतातही. खोटं कुणी लिहीत नाही. प्रश्न त्या आकड्याच्या बाजूला काय लिहायचं राहून जातं याचा आहे.

पहिली गोष्ट पृष्ठभागाची. बॅटरीत वापरायचं ग्राफाइट ग्रॅमला साधारण १ ते ५ चौरस मीटर पृष्ठभागाचं असतं. कारखाने ते मुद्दाम बटाट्यासारखं गोल करतात आणि वर कार्बनचा मुलामा देतात, तो पृष्ठभाग कमी राहावा म्हणूनच. ग्राफीनचा सैद्धांतिक पृष्ठभाग ग्रॅमला २६३० चौरस मीटर आहे. ग्राफीन ऑक्साइडचं क्षपण करून प्रत्यक्षात जे हाती येतं त्याचाही काही शे चौरस मीटर भरतो. एसईआयचं कवच या सगळ्या पृष्ठभागावर चढतं आणि त्यासाठी लागणारा लिथियम कायमचा अडकतो. चांगल्या ग्राफाइटमध्ये पहिल्या फेरीला (एक चार्ज आणि एक डिस्चार्ज) हा तोटा दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो. ग्राफीनमध्ये तो सहज चाळीस-पन्नास टक्क्यांवर जातो.

प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या हाफ सेलमध्ये हा तोटा झाकला जातो. कारण समोर लिथियम धातूची चकती असते. तिथला साठा संपतच नाही, कितीही वाया गेला तरी फरक पडत नाही. खऱ्या सेलमध्ये, म्हणजे फुल सेलमध्ये, सगळा लिथियम कॅथोडमधून (धन टोकातून) येतो आणि तो मोजून घातलेला असतो. आणखी एक बारकावा: हाफ सेलमध्ये कार्बनमध्ये लिथियम भरण्याच्या क्रियेला डिस्चार्ज म्हणतात, त्यामुळे निबंधाच्या सारांशातला भला मोठा आकडा पुष्कळदा पहिल्या डिस्चार्जचा असतो. त्यात अडकून पडलेला लिथियमही धरलेला असतो. दुसऱ्या फेरीचा आकडा शोधा. तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर असतो.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. ग्राफाइट जवळजवळ सगळा लिथियम एका सपाट व्होल्टेजवर परत देतं. ग्राफीनचा आलेख उतरंडीचा असतो, शून्यापासून थेट तीन व्होल्टपर्यंत. लिथियम परत देतानाची सरासरी एक व्होल्टच्या आसपास धरायला हरकत नाही. अ‍ॅनोडचं व्होल्टेज जेवढं वर जाईल तेवढं सेलचं व्होल्टेज खाली येतं.

आता दोन्ही एकत्र करून साधा हिशेब करू. कॅथोड लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, ग्रॅमला १६०, लिथियमच्या तुलनेत ३.४ व्होल्ट. आपल्याला एक अँपिअर-तास परत मिळायला हवा. ग्राफाइटसोबत, पहिल्या फेरीचा दहा टक्के तोटा धरून, कॅथोड सुमारे ६.९ ग्रॅम आणि ग्राफाइट ग्रॅमला ३५० धरून २.९ ग्रॅम लागतं. एकूण ९.८ ग्रॅम, आणि ३.२ व्होल्टने ऊर्जा ३.२ वॉट-तास. ग्राफीनसोबत, परत मिळणारे ७०० आणि पहिला तोटा पन्नास टक्के धरून, ग्राफीन फक्त १.४ ग्रॅम लागतं. पण वाया जाणारा लिथियम पुरवायला कॅथोड दुप्पट, १२.५ ग्रॅम. एकूण १३.९ ग्रॅम, आणि व्होल्टेज २.४, म्हणून ऊर्जा २.४ वॉट-तास. ग्रॅममागे एकीकडे ०.३३ आणि दुसरीकडे ०.१७. अ‍ॅनोडची क्षमता दुप्पट झाली आणि सेल निम्मा झाला. यात फॉइल, सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा), इलेक्ट्रोलाइट (लिथियम वाहून नेणारं द्रावण) धरलेलं नाही. ते धरलं तर ग्राफीनची बाजू आणखी पडते, कारण फुसफुशीत पावडरीच्या पोकळ्या भरायला इलेक्ट्रोलाइट जास्त लागतं.

कुणी म्हणेल, आधीच लिथियम भरून घेऊ. ते करता येतं, आणि सिलिकॉनच्या बाबतीत त्यावर गंभीर काम चालू आहे. पण त्यातून फक्त पहिला तोटा भरून निघतो. व्होल्टेजची उतरंड तशीच राहते.

तिसरी गोष्ट आकारमानाची. रोलरखालून काढलेल्या ग्राफाइटच्या लेपाची घनता घनसेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या वर असते. ग्राफीनचा लेप अर्धा ग्रॅम भरला तरी चांगला म्हणायचा. म्हणजे आकारमानामागे ग्राफाइट पाचशेच्या वर आणि ७००वालं ग्राफीन साडेतीनशे. मोबाइल असो की स्कूटर, डब्याची जागा ठरलेली असते.

बरं, ग्राफीनचे पापुद्रे दाबून घनता वाढवली तर? मग चौथी अडचण. लिथियम थराच्या सपाट अंगातून आरपार जात नाही, त्याला कड किंवा भोक लागतं. रुंद पातळ पापुद्रे दाबले की ते फॉइलला समांतर आडवे पडतात आणि कौलांसारखे एकमेकांवर चढतात. वरून आलेल्या लिथियमची गत मग शाकारलेल्या छपरावरच्या पावसासारखी होते, प्रत्येक कौलाला वळसा घालूनच खाली उतरायचं. वेगाने चार्ज होण्यासाठी ग्राफीन घेतलं आणि जाड लेपात चार्जिंगच मंदावलं, हे मी एकापेक्षा जास्त प्रयोगशाळांत पाहिलंय. निबंधात ते दिसत नाही, कारण तिथे लेप चौरस सेंटिमीटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास असतो. कारखान्यात तो आठ-दहा पट जड असतो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडकडे वळू. हा मला या सगळ्यांत जास्त गमतीचा वाटतो. थर ग्राफाइटसारखेच, पण अंतर ०.६१५ नॅनोमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. सैद्धांतिक क्षमता ६७०. मात्र ही क्षमता थरांच्या मधे लिथियम बसवून येत नाही. सुमारे १.१ व्होल्टवर थोडा लिथियम आत जातो, तिथपर्यंत थर टिकतात. ०.६ व्होल्टच्या आसपास रचना मोडते आणि मॉलिब्डेनम धातू आणि लिथियम सल्फाइड असा चुरा उरतो. परत चार्ज केल्यावर मूळ पदार्थ परत येत नाही. पुढच्या फेऱ्यांत २.२ व्होल्टजवळ जो टप्पा दिसतो तो लिथियम-गंधक सेलचा असतो. म्हणजे पहिल्या फेरीनंतर थर फक्त निबंधाच्या शीर्षकात उरतात. आणि जो अ‍ॅनोड आपली ऊर्जा दोन व्होल्टच्या आसपास परत देतो, तो फुल सेलमध्ये कुठल्या कॅथोडसमोर ठेवायचा? यावर सहसा मौन असतं.

एक सांगायला हवं, याच पदार्थाने एकेकाळी बाजार पाहिला होता, तो कॅथोड म्हणून. कॅनडातल्या मोली एनर्जीने १९८०च्या दशकात लिथियम धातू आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्या विकल्या. १९८९मध्ये आगीच्या घटनांमुळे त्या परत बोलवाव्या लागल्या. दोष थरांचा नव्हता, लिथियम धातूवर वाढणाऱ्या काट्यांचा होता. त्याच्याही आधी, १९७०च्या दशकात, स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन या तेल कंपनीत टायटॅनियम डायसल्फाइडचे थर वापरले होते. २०१९च्या रसायनाच्या नोबेलमध्ये गुडइनफ आणि योशिनो यांच्यासोबत त्यांचं नाव आहे ते त्याच कामासाठी.

मॅक्सीन २०११मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गोगोत्सी आणि बारसूम यांच्या गटाने शोधली. टायटॅनियम, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बनच्या संयुगातलं अ‍ॅल्युमिनियम हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खाऊन टाकलं की टायटॅनियम कार्बाइडचे थर उरतात. वीज उत्तम वाहते, वेगही चांगला. पण सैद्धांतिक क्षमता ३२०, म्हणजे ग्राफाइटपेक्षाही कमी, आणि आलेख पुन्हा उतरंडीचा. सुपरकॅपॅसिटरसाठी छान. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्यात टायटॅनियम आहे, म्हणून "स्थानिक कच्चा माल" असं लिहायचा मोह होईल. इल्मेनाइटपासून शुद्ध कार्बाइडपर्यंतचा रस्ता फार लांब आणि खर्चाचा आहे. आणि हायड्रोफ्लुओरिक आम्ल कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणूच नका. कातडीवर पडलं तर आधी दुखतही नाही आणि आत हाडापर्यंत जातं.

काळ्या फॉस्फरसचे सुटे थर: आकडा २५९६, पण हवेत आणि दमटपणात टिकत नाहीत आणि प्रचंड फुगतात. मालवणात किंवा गुहागरला त्यावर काम करणं म्हणजे पावसाशी पैज लावणं. बोरोफीनचा १८६० हा आकडा संगणकावरच्या गणनेचा आहे. तो वाचून पुढे जा.

आता करवंटी. इथे सविस्तर सांगतो, कारण प्रकल्पाचा जीव इथेच आहे.

करवंटी जाळून मिळणारा कार्बन ग्राफाइट होत नाही. रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१मध्ये कार्बनचे दोन वर्ग दाखवले: एक, जो तापवत नेला की थर नीट रचले जाऊन ग्राफाइट होतो, आणि दुसरा, जो ३००० अंशांपर्यंत नेला तरी होत नाही. पेट्रोलियम कोक आणि डांबर पहिल्या वर्गात येतात, कारण कार्बन होताना ते द्रव अवस्थेतून जातात आणि थरांना सरकून जुळायला वाव मिळतो. पोलादाच्या कारखान्यांतल्या कोक भट्ट्यांतून निघणाऱ्या डांबराला कृत्रिम ग्राफाइटच्या व्यवसायात मान आहे तो यामुळेच. करवंटी वितळत नाही, आहे त्या आकारातच कोळसा होते, म्हणून तिचे लहान लहान थर वेडेवाकडे अडकून बसतात. याला हार्ड कार्बन म्हणतात. नाव ग्राफीनपेक्षा कमी चमकदार आहे, पण पदार्थ उपयोगाचा आहे.

"करवंटीपासून ग्राफीन" अशा निबंधांत पुरावा म्हणून बहुधा रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशावरून रचना ओळखण्याची चाचणी) असतो: १३५० आणि १५८०ला दोन शिखरं. ही दोन शिखरं चुलीवरच्या काजळीतही दिसतात. ग्राफीन म्हणायचं तर २७०० जवळचं शिखर नीट, टोकदार हवं, आणि थरांची संख्या सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला हवी. एक्स-रेमध्ये ग्राफाइटचं शिखर २६.५ अंशांना तलवारीसारखं उभं असतं. तुम्हाला २२ ते २४ अंशांच्या मधे रुंद टेकाड दिसलं तर तो हार्ड कार्बन आहे. तसंच लिहा. तोंडी परीक्षेत त्रास वाचेल.

दुसरा नेहमीचा घोळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. "अ‍ॅक्टिव्हेशन" करून पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर नेतात आणि तो अभिमानाने लिहितात. पाण्याच्या फिल्टरला आणि सुपरकॅपॅसिटरला ते बरोबर. अ‍ॅनोडला उलटं हवं. आतली पोकळी बंद असावी, बाहेरचा पृष्ठभाग दहा चौरस मीटरच्या आत असावा. त्यासाठी अ‍ॅक्टिव्हेशन न करता, आधी ५००-६०० अंशांना कोळसा करा, दळून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा (करवंटीच्या राखेत पोटॅशियम भरपूर असतं), आणि मग आर्गॉनमध्ये १२०० ते १४०० अंशांना दोन-तीन तास ठेवा. कॉलेजची नळीभट्टी १०००च्या पुढे जात नसेल तर पुण्या-मुंबईच्या एखाद्या संस्थेत भट्टीची वेळ मागा. पुण्यात सी-मेट, एनसीएल आणि आयसर, मुंबईत आयआयटी, सगळीकडे बॅटरीवर काम चालतं आणि बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने तपासून द्यायची पद्धत आहे.

काजूचं टरफल घ्यायचं असेल तर तेल काढलेली पेंडच घ्या. कच्च्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं हे काजू फोडणाऱ्या बायकांची बोटं पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तापवताना त्याचा धूर डोळ्यांत आणि भट्टीच्या नळीत सारखाच बसतो. भाताच्या तुसाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या राखेत मुख्यतः सिलिका असते, तिचं मॅग्नेशियमने क्षपण करून सिलिकॉन मिळतो, आणि ग्राफाइटमध्ये पाच-दहा टक्के सिलिकॉन मिसळणं आज कारखान्यांत खरोखर चालतं. तो स्वतंत्र प्रकल्प होईल.

आता सोडियम का? सोडियम ग्राफाइटच्या थरांमध्ये जवळजवळ शिरतच नाही, हा निसर्गाचा विक्षिप्तपणा आहे. हार्ड कार्बनमध्ये मात्र शिरतो, आणि शून्याच्या जवळ छान सपाट टप्पा देतो. ग्रॅमला ३००च्या आसपास. करवंटीचा हार्ड कार्बन सोडियम-आयनसाठी व्यापारी प्रमाणात बनतो आणि विकला जातो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३मध्ये स्वतःचं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं, तेव्हा या कामाला आपल्याकडे दार उघडं आहे. शिवाय सोडियमच्या सेलमध्ये अ‍ॅनोडलाही तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं फॉइल चालतं, म्हणजे कॉलेजच्या बजेटलाही बरं.

ग्राफीन ऑक्साइडची हमर्स पद्धत तरीही करणारच असाल तर दोन गोष्टी सांगतो. गंधकाम्ल आणि परमँगनेट यांच्या मिश्रणाचं तापमान पन्नासच्या वर जाऊ देऊ नका, त्यात स्फोट होणारं संयुग तयार होतं. आणि एक ग्रॅम माल धुवायला लिटरवारी पाणी लागतं, ते आम्ल आणि मँगॅनीज घेऊन बाहेर पडतं. रासायनिक सांडपाण्याने काय होतं हे खाडीकाठच्या माणसांना मी सांगायला नको.

कोकणात हे काम करताना खरा शत्रू दमट हवा. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. बॅटरीच्या कारखान्यातल्या ड्राय रूममध्ये, उणे ४० अंश दवबिंदूला, ते ०.१ ग्रॅमच्या आसपास असतं. दोनशेपटींहून जास्त फरक. इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटला पाणी मिळालं की हायड्रोफ्लुओरिक आम्ल सुटतं आणि सेल आतून सडतो. ग्राफीनसारखी अफाट पृष्ठभागाची पावडर हवेतलं पाणी शोषून बसते, म्हणून पावसाळ्यात तिचे आकडे हिवाळ्यातल्या आकड्यांशी जुळत नाहीत. इलेक्ट्रोड कापून झाल्यावर निर्वात ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांना रात्रभर ठेवा आणि हवा न लागू देता ग्लव्ह बॉक्समध्ये न्या. सेपरेटरही सुकवा, पण साठ अंशांच्या वर नको, तो आक्रसतो. कॉइन सेलचे डबेसुद्धा ओव्हनमधून काढा. बॉक्समधलं पाणी आणि ऑक्सिजन एक पीपीएमच्या खाली दिसत नसेल तर त्या दिवशी सेल बांधू नका. वीज वारंवार जाते तिथे ग्लव्ह बॉक्सला इन्व्हर्टर लावून घ्या. एका रात्रीत वातावरण बिघडलं की शुद्धीकरणाचा खांब पुन्हा तयार करण्यात दोन दिवस जातात.

ग्राफीनला काहीच काम नाही का? आहे की. एखादा टक्का ग्राफीन किंवा कार्बन नॅनोट्यूब विद्युतवाहक पूरक म्हणून मिसळली की आयर्न फॉस्फेटसारख्या कमी वाहक कॅथोडला फायदा होतो, आणि फुगणाऱ्या सिलिकॉनच्या कणांना एकत्र बांधून ठेवायलाही ते उपयोगी पडतं. तिथे ते मदतनीस असतं, आणि मदतनीस म्हणून उत्तम आहे. स्वस्त स्कूटरवर "ग्राफीन बॅटरी" असं लिहिलेलं दिसतं त्याचा मात्र या चर्चेशी संबंध नाही. त्या बहुतेक शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात, त्यात थोडा कार्बन मिसळलेला. सीटखाली १२ व्होल्टचे चार-पाच ठोकळे आणि प्रत्येक सहा-सात किलोंचा असेल तर शिसंच आहे. दुकानदार काहीही सांगो.

राहिल्या फेरीबोटी. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ अशा फेऱ्यांचं काम म्हणजे थोडं अंतर, पुन्हा पुन्हा, आणि धक्क्यावर मिळेल तेवढ्या वेळात चार्ज. इथे वजन हा मुख्य प्रश्न नाही. मुख्य प्रश्न आयुष्य, सुरक्षितता आणि ३५ अंशांच्या खाऱ्या हवेत टिकण्याचा. कोचीच्या वॉटर मेट्रोच्या बोटी एप्रिल २०२३पासून धावतात. त्यांच्या बॅटरीत लिथियम टायटॅनेटचा अ‍ॅनोड आहे. त्याची क्षमता ग्रॅमला १७५ म्हणजे ग्राफाइटच्याही निम्म्याहून कमी, व्होल्टेज १.५५, आणि तो थरांचाही नाही. मी वर व्होल्टेज वाया जाण्याबद्दल इतकं बोललो आणि इथे दीड व्होल्ट मुद्दाम सोडून दिलेत. पण त्याच्या बदल्यात काही मिळतं: त्या व्होल्टेजला लिथियमचे काटे उगवण्याची भीती जवळजवळ नसते, कवचात लिथियम फारसा अडकत नाही, भरताना तो फुगत नाही, आणि फेऱ्या हजारोंनी मिळतात. ग्राफीनमध्ये तेच व्होल्टेज जातं आणि बदल्यात काही येत नाही. बोटीला पैसे कमी असतील तर आयर्न फॉस्फेट आणि साधं ग्राफाइट, जलरोधक खोक्यात, थंडाव्याची सोय करून. तेही चांगलं चालतं. सोडियम-आयन पुढेमागे अशा बोटींत बसेल असं मला वाटतं, कारण जड असला तरी चालतो.

प्रबंधात काय मोजायचं तेवढं सांगतो. पहिल्या फेरीची कार्यक्षमता, टक्क्यांत, सारांशातच लिहा. लेपाचं वजन चौरस सेंटिमीटरला किमान चार-पाच मिलिग्रॅम ठेवा, जाडी मोजून घनताही द्या. ०.१ व्होल्टच्या खाली किती क्षमता मिळाली आणि वर किती, हे वेगळं दाखवा. तीन सेल एकसारखे बांधून तिन्हींचे आकडे द्या, सर्वांत चांगल्याचा एकटा नको. आणि एक तरी फुल सेल बांधा, सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेटचा कॅथोड प्रयोगशाळेत करता येतो. सोडियम धातूची चकती कापताना ती तेलातून काढून, हेक्झेनने पुसून, बॉक्सच्या आतच कापा. कापल्यावर लगेच वापरा, कारण चांगल्या बॉक्समध्येही तासाभरात तिच्यावर करडी साय धरते आणि मग रोधाचे आकडे सगळे फसवे येतात.